लैंगिक छळविषयक विद्यार्थी-सर्वेक्षण

महाविद्यालय किंवा विद्यापीठात शिकणाऱ्यांना लैंगिक छळाचे, अत्याचाराचे व गैरवर्तनाचे कोणते अनुभव आले, ते त्यांनी कोणाला सांगितले आणि पुढे काय झाले, याची नाव न विचारता केलेली पद्धतशीर पाहणी. संस्थेच्या तक्रार समितीच्या नोंदवहीत फक्त दाखल झालेल्या तक्रारी असतात. मनातच राहिलेल्या गोष्टी अशा पाहणीतून कळू शकतात. भारतात ती कायद्याने बंधनकारक नाही.

कायदेशीर पार्श्वभूमी : सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी विशाखा निकालात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. २०१३ च्या कायद्याने अंतर्गत तक्रार समिती सक्तीची झाली, तरी महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत ती अजूनही ‘विशाखा समिती’ याच नावाने ओळखली जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम २ मे २०१६ रोजी राजपत्रात आले. त्यांनुसार प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असल्यास समितीत तीन निवडून आलेले विद्यार्थी-प्रतिनिधी असावे लागतात. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा पदांवरील व्यक्तींना समितीत बसता येत नाही. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची आणि चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची, अशी मुदत आहे. मुली व महिला कर्मचाऱ्यांप्रमाणेच काही मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही या छळाला बळी पडू शकतात, हे विनियमांनी मान्य केले आहे. छळविरोधी धोरणाचा सहामाही आढावा घेण्याचे बंधनही त्यांत आहे. मात्र त्यासाठी विद्यार्थ्यांना काय नि कसे विचारावे, याचा नमुना दिलेला नाही. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात १२ मे २०२३ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या कायद्याच्या अंमलबजावणीतील त्रुटींवर ताशेरे ओढले आणि समित्या स्थापन झाल्या आहेत की नाही, याची पडताळणी करण्याचा आदेश दिला.

राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या (नॅक) मूल्यांकनात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण असते. त्याची प्रश्नावली थेट विद्यार्थ्यांकडे जाते, पण तिचा विषय अध्यापन हा आहे. विद्यार्थ्यांना परस्पर विचारण्याची वाट महाविद्यालयांच्या सवयीची झाली आहे; या विषयासाठी तिचा वापर रूढ झालेला नाही.

खानदेशातील संदर्भ : जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावची महाविद्यालये जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. १९९० मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाकडे जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे आहेत. त्याच्या स्थापनेनंतर चारच वर्षांनी, १९९४ मध्ये, जळगावचे लैंगिक शोषण प्रकरण उघडकीस आले. मुली व तरुण स्त्रियांवर अत्याचार करून छायाचित्रांच्या धाकाने त्यांना गप्प बसवले गेल्याचे त्यात पुढे आले. फिर्याद द्यायला मोजक्याच पुढे आल्या. पीडितांच्या संख्येबद्दल वृत्तपत्रांनी वेगवेगळे आकडे छापले. ठाम आकडा कधीच ठरला नाही. बदनामीच्या भीतीने तोंड उघडलेच जात नसेल, तर तक्रारींची संख्या आणि घडलेल्या घटनांची संख्या यांत किती अंतर पडते, याचे हे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय.

चाळीसगाव हे मुंबई–भुसावळ मार्गावरील जंक्शन असून धुळ्याचा फाटा तेथून निघतो. आसपासच्या खेड्यांतून मुले-मुली पास काढून एस.टी.ने येतात. अशा गावी ‘परिसर’ कुठवर धरायचा हा प्रश्न पाहणीच्या आखणीत आधी सोडवावा लागतो. विनियमांतील परिसराच्या व्याख्येत शैक्षणिक सहल, राष्ट्रीय सेवा योजनेचे (रा.से.यो.) शिबिर, ‘युवारंग’सारखा युवक महोत्सव, क्रीडास्पर्धा आणि संस्थेने पुरवलेले वाहन येते. एस.टी. बस किंवा स्थानकाबाहेरची टपरी त्यात बसेलच असे नाही. म्हणून वर्ग, वसतिगृह, शिबिर, बस, स्थानक आणि मोबाइल यांबद्दल वेगवेगळे विचारणे योग्य ठरते. वर्गातल्या प्रकाराचे उत्तर समितीने द्यायचे असते. बसमधल्या छेडछाडीसाठी पोलीस आणि एस.टी. प्रशासनाकडे जावे लागते.

प्रश्नांची रचना : अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेरी कॉस यांनी १९८० च्या दशकात रूढ केलेले तत्त्व आजही पाळले जाते : गुन्ह्याचे नाव घेऊ नये, कृतीचे वर्णन करावे. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ३२ संस्थांतील पाहणीत, ज्यांचा अनुभव बलात्काराच्या व्याख्येत बसत होता अशा विद्यार्थिनींपैकी जेमतेम २७ टक्के स्वतः त्याला बलात्कार म्हणत होत्या. ‘तुमचा लैंगिक छळ झाला का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारी मुलगी ‘गेल्या वर्षभरात कोणी नको असताना अंगाला हात लावला का? वारंवार पाठलाग केला का? रात्री-अपरात्री अश्लील मेसेज किंवा फोटो पाठवले का? गुणांचे आमिष दाखवून एकटीला बोलावले का?’ या प्रश्नांना ‘हो’ म्हणू शकते. प्रत्येक ‘हो’नंतर कुठे, किती वेळा, करणारा सहाध्यायी की शिक्षक की बाहेरचा, कोणाला सांगितले आणि सांगितले नसेल तर का, हे विचारतात.

इतरत्रची मोठी सर्वेक्षणे : ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने २०१७ मध्ये ३९ विद्यापीठांतील ३० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या उत्तरांवर आधारित अहवाल प्रसिद्ध केला, २०१६ मध्ये ५१ टक्क्यांना किमान एकदा लैंगिक छळाचा अनुभव आल्याचे त्यात दिसले. अमेरिकेत २०१९ मध्ये ३३ विद्यापीठांत १,८१,७५२ जणांनी उत्तरे दिली, तरी प्रतिसाद २१.९ टक्केच होता. ज्यांना काही सोसावे लागले तेच आवर्जून उत्तर देतात की तेच टाळतात, हे ठरवणे अवघड असल्याने प्रतिसादाचे प्रमाण आकड्यांसोबत छापणे आवश्यक मानतात.

गोपनीयता व नीती : लहान महाविद्यालयात नाव न लिहिताही ओळख फुटू शकते. एखाद्या वर्गात मोजक्याच मुली असतील, तर वर्ग, गाव आणि प्रवर्ग एवढे कळले तरी बोट एकीवर जाते. त्यामुळे असे तपशील एकत्र विचारत नाहीत आणि छोट्या गटांचे आकडे स्वतंत्रपणे छापत नाहीत. प्रश्नावलीची लिंक वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्यातही धोका असतो, कारण मोबाइल अनेकदा घरातल्या साऱ्यांच्या हाताळणीतला असतो. सभागृहात लांब लांब बसवून छापील कागद भरून घेणे, त्या वेळी शिक्षकांनी बाहेर थांबणे आणि सर्वांनी, कोरा कागद असला तरी, घडी करून एकाच पेटीत टाकणे हा अधिक सुरक्षित पर्याय आहे. प्रश्न सोप्या मराठीत असावेत. अहिराणी, उर्दू किंवा आदिवासी भाषांत समजावून सांगणारे जवळ असल्यास उत्तम.

महाराष्ट्रात अकरावी-बारावीचे वर्ग बरेचदा वरिष्ठ महाविद्यालयाच्याच आवारात भरतात. १८ वर्षांखालील कोणावर अत्याचार झाल्याचे कळूनही पोलिसांना न कळवणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार गुन्हा आहे. म्हणून अल्पवयीनांना सामील करून घ्यायचे की नाही हे आधीच ठरवतात. ओळख पटेल असे काही कोणी लिहिले तर पुढे काय होईल, याची कल्पनाही उत्तर देणाऱ्यांना आधी दिली जाते. समुपदेशकाचा, समितीचा आणि पोलिसांचा संपर्क कागदाच्या फाडून नेता येणाऱ्या भागावर असावा.

उपयोग व मर्यादा : सर्वेक्षण म्हणजे तक्रार नव्हे, त्यावरून कोणाला दोषी धरता येत नाही, तसेच प्रतिसाद व रचना वेगळी असल्याने दोन महाविद्यालयांची तुलनाही सहसा करता येत नाही. समितीच्या वार्षिक अहवालाशेजारी ठेवून ते वाचावे लागते. अहवालात ‘निरंक’ असेल आणि पाहणीत मात्र अनेकींनी ‘समिती आहे हेच माहीत नव्हते’ किंवा ‘सांगितले तर घरचे कॉलेज बंद करतील’ असे लिहिले असेल, तर ते निरंक सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही. अशा पाहणीनंतर समितीची नावे फलकावर लागली, प्रतिनिधींची निवडणूक झाली आणि पुढच्या वर्षी तक्रारी वाढल्या, तर छळ वाढला असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. तीच प्रश्नावली ठरावीक काळाने पुन्हा भरून घेतल्यावरच अनुभव वाढले की सांगण्याचे धैर्य वाढले, हे पडताळता येते.