प्रोस्टेटच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया : इतिहास आणि निवड

लघवीचे दुखणे आपल्याकडील वडीलधारी माणसे सहसा बोलून दाखवीत नाहीत. रात्री चार वेळा उठावे लागते, हे मुलाला सांगायचाही त्यांना संकोच वाटतो. मग एके दिवशी डॉक्टर कर्करोगाचे नाव घेतात आणि घरात प्रश्न उभा राहतो : शस्त्रक्रिया करायची काय, आणि करायची तर कोणती? या प्रश्नाकडे आम्ही इतिहासाच्या वाटेने जाणार आहोत. डॉक्टर आज जे पर्याय सांगतात, ते मागच्या पर्यायांतील उणिवा भरून काढण्याच्या धडपडीतून निघाले आहेत, हे कळले की निवड करणे पुष्कळ सोपे होते.

प्रथम जागा ध्यानात घेऊ. प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या पुढे असते. मूत्रमार्ग तिच्या मधूनच जातो. लघवी रोखून धरणारा स्नायू तिच्या खालच्या टोकाशी, तर कामशक्तीचे मज्जातंतू तिच्या दोन्ही कडांना लागून असतात. एवढ्या दाटीत शस्त्र चालवायचे, हीच सारी अडचण होय. उतारवयात ही ग्रंथी कर्करोगावाचूनही वाढते. तेव्हा मूत्रमार्गातून दुर्बीण घालून आतला अडथळा खरवडून काढतात. ती शस्त्रक्रिया निराळी. कर्करोगात ग्रंथी शुक्राशयांसह समूळ काढावी लागते. या दोहोंची गल्लत होऊ देऊ नये.

अशी समूळ शस्त्रक्रिया एप्रिल १९०४ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्पटन यंग यांनी केली. मदतीला विख्यात शल्यवैद्य हॉल्स्टेड होते. वृषण आणि गुदद्वार यांच्यामधील भागातून यंग ग्रंथीपर्यंत पोहोचले. पुढे लंडनच्या टेरेन्स मिलिन यांनी ओटीपोटातून, जघनास्थीच्या मागून जाणारी वाट १९४५ मध्ये प्रसिद्ध केली आणि लवकरच ती कर्करोगासाठीही वापरली. मात्र या वाटेने रक्तस्राव फार होई. रोगी जगला तरी कामशक्ती बहुधा जाई आणि कित्येकांना लघवी आवरत नसे.

रोग ग्रंथीबाहेर पसरला असेल, तर ग्रंथी काढून भागत नाही. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखविले की, हा कर्करोग वृषणांतील अंतःस्रावावर पोसला जातो. वृषण काढल्यास अशा रोग्याला आराम पडतो. रोग मात्र मुळापासून जात नाही. या संशोधनासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

यानंतरचा मोठा टप्पा हॉलंडमधला. जॉन्स हॉपकिन्सचेच पॅट्रिक वॉल्श यांनी रक्तस्राव आवरण्याची रीत आधीच बसविली होती. १९८१ मध्ये ते लायडन येथे पीटर डाँकर या निवृत्त प्राध्यापकांना भेटले. डाँकर मृत अर्भकाच्या देहात मज्जातंतूंचा माग काढीत होते. प्रौढ देहात न दिसणारे ते धागे तेथे स्पष्ट दिसले. ते ग्रंथीच्या आतून नव्हे, बाहेरून जात होते! २६ एप्रिल १९८२ रोजी वॉल्श यांनी ते जाणीवपूर्वक वाचवून शस्त्रक्रिया केली. रोग काढायचा आणि माणसाचे जगणेही राखायचे, ही अपेक्षा तेव्हापासून रास्त ठरली. अर्थात रोग त्या तंतूंपर्यंत गेला असेल, तर त्यांचा मोह सोडावा लागतो.

पुढे १९९८ च्या सुमारास पॅरिसमध्ये पोटाला लहान छिद्रे पाडून दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया करण्याची पद्धत रुळली आणि २००० नंतर यंत्रमानवाचे हात आले. डेट्रॉइट येथे मूळचे भारतीय असलेले मणी मेनन यांनी त्या पद्धतीचा मोठा प्रसार केला. यंत्रमानव स्वतः काहीच करीत नाही. शल्यवैद्याचा हात तो हलवील तसा हलतो. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे ३२६ पुरुषांवर तुलना झाली. यंत्राच्या पद्धतीत रक्त कमी गेले, रुग्णालयातील मुक्कामही कमी झाला. परंतु दोन वर्षांनंतर लघवीवरील ताबा आणि कामशक्ती यांत उल्लेखनीय फरक आढळला नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न, शस्त्रक्रिया हवीच काय, हा आहे. उत्तर युरोपात १९८९ ते १९९९ या काळात ६९५ पुरुष पाहणीत घेतले गेले. शस्त्रक्रिया झालेले पुरुष सरासरी २.९ वर्षे अधिक जगले. परंतु पीएसए या रक्ततपासणीचा प्रसार झाल्यावर पुष्कळ कर्करोग लहान असतानाच सापडू लागले. इंग्लंड व परिसरात असे १,६४३ पुरुष तीन गटांत विभागले : नियमित देखरेख, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार. २०२३ मध्ये पंधरा वर्षांचा हिशेब निघाला, तेव्हा तिन्ही गटांत या रोगाने शंभरात सुमारे तीनच दगावले होते. देखरेखीतील निम्म्याहून अधिकांना पुढे उपचार घ्यावे लागले हे खरे. पण लघवी गळण्याचा त्रास शस्त्रक्रियेच्या गटात अधिक होता.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, घाबरून त्याच आठवड्यात तारीख ठरवू नये. रोग ग्रंथीपुरताच आहे काय? तुकडा तपासून त्याची प्रत कोणती ठरली? रोग्याचे वय आणि इतर प्रकृती पाहता पुढील दहा वर्षांची आशा आहे काय? लघवी आणि कामशक्ती यांपैकी त्याला स्वतःला काय राखावेसे वाटते? आणि शेवटी, शस्त्र हाती घेणाऱ्याने अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत? यंत्र कोणते, हे त्यानंतर विचारावे. हे प्रश्न मुलाने बापाच्या वतीने परभारे उरकू नयेत. बापाला जवळ बसवून, संकोच सोडून, त्याच्या देखत विचारावेत. देह त्याचा आहे, म्हणून शेवटचा शब्दही त्याचाच असला पाहिजे.