मों ब्लाँ अजून पाच मैल

३ नोव्हेंबर १९५०. एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ जिनिव्हाकडे येताना मों ब्लाँ पर्वतावर आदळलं. ४८ जण गेले. पर्वताची उंची ४,८०७ मीटर, कळसूबाईच्या जवळपास तिप्पट. एअर इंडियाची विमानं पुढेही जिनिव्हाला जात राहिली.

१६ ऑक्टोबर १९६४, चिनी वेळेनुसार दुपारी ३. लोप नोरला चीनचा पहिला अणुबॉम्ब फुटला. तो समृद्ध युरेनियमचा होता. भारताची वाट वेगळी होती. ट्रॉम्बेच्या ४० मेगावॉटच्या ‘सायरस’ भट्टीत नैसर्गिक युरेनियम वापरायचं आणि वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढायचं. ही वाट डॉ. होमी भाभांनी आखली होती.

२४ ऑक्टोबर १९६४. भाभा आकाशवाणीवर बोलले. १० किलोटनांच्या एका स्फोटाचा खर्च त्यांनी साडेसतरा लाख रुपये सांगितला. निःशस्त्रीकरणाची गरजही त्याच भाषणात मांडली.

त्यानंतर पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी शांततेच्या कामासाठीच्या भूमिगत स्फोटाचा सैद्धांतिक अभ्यास करायला संमती दिली. भाभा अध्यक्ष असलेला अणुऊर्जा आयोग थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत होता. एवढं मोठं काम इतक्या थोड्या माणसांवर टेकलेलं असावं, हे मला आजही अस्वस्थ करतं.

११ जानेवारी १९६६, मध्यरात्रीनंतर. ताश्कंदमध्ये शास्त्रींचं निधन झालं. संमती देणारा माणूस गेला. आता भाभा उरले.

१९ जानेवारी. काँग्रेस संसदीय पक्षाने नेता निवडला. इंदिरा गांधींना ३५५ मतं, मोरारजी देसाईंना १६९. शपथविधीसाठी २४ तारीख ठरली.

२३ जानेवारी, मुंबई. एअर इंडियाचं उड्डाण क्रमांक १०१, बोइंग ७०७ ‘कांचनजंगा’. मार्ग दिल्ली, बैरूत, जिनिव्हा, लंडन, न्यूयॉर्क. प्रवाशांत ५६ वर्षांचे भाभा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या वैज्ञानिक सल्लागार समितीच्या बैठकीसाठी त्यांना व्हिएन्नाला पोचायचं होतं.

२४ जानेवारी, पहाट, बैरूत. जमिनीवरच्या रेडिओ केंद्रापासूनची दिशा दाखवणारी ‘व्हीओआर’ यंत्रं विमानात दोन होती. त्यातलं एक बंद होतं. दोन केंद्रांच्या दिशा एकाच वेळी ताडून आपण नेमके कुठे आहोत हे पाहण्याची सोय गेली. वैमानिकाला हे माहीत होतं. दुसरं यंत्र चालत होतं. विमान निघालं.

सकाळी ८ च्या सुमारास (भारतात दुपारचे साडेबारा). विमान १९,००० फुटांवर आलं. मों ब्लाँचं शिखर सुमारे ३,२०० फूट खाली. हीच उंची धरून ठेवली असती तर विमान शिखरावरून सुखरूप गेलं असतं.

जिनिव्हाच्या नियंत्रकाने उंची कायम ठेवायला सांगितलं. एक सवलतही दिली. बाहेरचं दिसत असेल आणि ढगांच्या वर हजार फूट राहता येत असेल, तर खाली यायला हरकत नाही. वैमानिकाने सूचना पोचल्याचं सांगितलं आणि आपण मों ब्लाँच्या बाजूने जात असल्याचं कळवलं.

रडारवर तसं दिसत नव्हतं. विमान अजून तिथे पोचायचं होतं. नियंत्रकाने चूक ओळखली. मों ब्लाँला तुम्हाला पाच मैल आहेत, असं त्याने सांगितलं. पर्वत पुढे आहे, असं म्हटलं नाही. थांबा, असंही नाही. तिकडून समजल्याची पोच आली. डोंगर मागे पडला या समजुतीने विमान खाली येऊ लागलं.

८ वाजून २ मिनिटं. सुमारे ४,७५० मीटर उंचीवर, शिखराच्या थोडं खाली, विमान आदळलं. १०६ प्रवासी, ११ कर्मचारी. कोणीही वाचलं नाही.

त्याच दिवशी, दिल्ली. राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी इंदिरा गांधींना पंतप्रधानपदाची शपथ दिली. शास्त्रींच्या मृत्यूला १३ दिवस झाले होते. संमती देणारा आणि घेणारा, दोघेही आता नव्हते.

मे १९६६. विक्रम साराभाई आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांनी स्फोटाचा अभ्यास थांबवला. पोखरणचा स्फोट १८ मे १९७४ ला झाला, सायरसच्याच प्लुटोनियमवर.

मार्च १९६७. फ्रेंच चौकशीचा अहवाल आला. घातपाताच्या कथा अजून फिरतात. मला अहवालातली साधी कारणं जास्त बोचतात. एक यंत्र बंद असल्याचं वैमानिकाला बैरूतमध्येच ठाऊक होतं. जागेचा त्याचा अंदाज चुकला. नियंत्रकाने तो दुरुस्त केला, पण पुरेशा नेमक्या शब्दांत नाही, आणि दुरुस्तीचा अर्थ उलटा घेतला गेला.