फिरतं प्रदर्शन: एका छायाचित्र-संस्थेच्या पावणेदोनशे वर्षांची गोष्ट

विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता फोटोग्राफीवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. मी छायाचित्रकार नाही. कॉलेजात असताना आग्फा क्लिक-थ्री कॅमेरा हाताळला, वसतिगृहातल्या न्हाणीघरात लाल दिवा लावून थोडे प्रिंट काढले, एवढीच माझी पुंजी. त्यातल्या एका प्रिंटबद्दल शेवटी सांगेन. पण आजचा विषय कॅमेऱ्याचा नाही. एखादी विद्या, एखादी कला कोणाची असते आणि ती कोणापर्यंत पोचायला हवी, असा तो प्रश्न आहे. आणि हा प्रश्न आमच्या प्रांतातला आहे.

आता बघा, छायाचित्रकारांच्या एखाद्या राष्ट्रीय संस्थेचा मोठा वर्धापनदिन आला की काय होतं? एक स्मरणिका निघते, चार भाषणं होतात, जेवण होतं आणि बहुधा एक फिरतं प्रदर्शन निघतं. निवडक चित्रं पेट्यांत भरायची आणि गावोगावी न्यायची. भाषणं आणि जेवण कुठल्याही संस्थेच्या उत्सवात चालून जातात, सहकारी पतपेढीच्यासुद्धा. फिरत्या प्रदर्शनाचं तसं नाही. ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी ही या क्षेत्रातली अतिशय जुनी आणि मोठी संस्था. २० जानेवारी १८५३ ला ती स्थापन झाली, म्हणजे २०२८ साली तिला १७५ वर्षं होतील. तिच्या जन्माची हकिगत पाहिली तर असं दिसतं, की आधी प्रदर्शन आलं आणि मग संस्था आली. ती हकिगत आज सांगायची आहे.

थोडं मागे जाऊ. १८३९ हे छायाचित्रणाच्या जाहीर जन्माचं साल. पॅरिसमध्ये दागेरची पद्धत १९ ऑगस्टला सर्वांसमोर मांडली गेली. फ्रेंच सरकारनं त्याला निवृत्तिवेतन दिलं आणि ही विद्या जगाला मोकळी केली. गंमत अशी, की त्याच्या थोडेच दिवस आधी दागेरच्या नावे इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं गेलं होतं. म्हणजे जगाला मोकळी, इंग्लंडला सोडून! इकडे इंग्लंडात विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटनं कागदावरच्या निगेटिव्हची पद्धत शोधली. एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढता येतात, ही पुढच्या दीडशे वर्षांच्या छायाचित्रणाची पायाभूत कल्पना त्याची. पण १८४१ मध्ये त्यानं तिच्यावर पेटंट घेतलं. वापरायची तर परवाना हवा, परवान्याला पैसे हवेत.

टॅल्बटला लगेच खलनायक करू नका. त्यानं वर्षानुवर्षं मेहनत घेतली होती, पदरचे पैसे घातले होते. शोध लावणाऱ्याचा शोधावर काहीच हक्क नाही असं म्हणणं सोपं असतं, विशेषतः ज्यानं स्वतः काही शोधलेलं नाही त्याला. याची दुसरी बाजू फ्रेडरिक स्कॉट आर्चर. त्यानं १८५१ मध्ये काचेवरची कलोडियन पद्धत प्रसिद्ध केली आणि पेटंट घेतलंच नाही. सगळ्या जगानं ती वापरली, कित्येकांनी त्यावर पैसा केला. १८५७ मध्ये आर्चर वारला तेव्हा घरची परिस्थिती हलाखीची होती. म्हणजे ज्ञान मोकळं ठेवण्याची किंमत कोणीतरी मोजतच असतं. हे विसरून नुसता मोकळेपणाचा जयजयकार करू नये.

या पार्श्वभूमीवर रॉजर फेंटन येतो. शिक्षणानं वकील, आवडीनं चित्रकार. फ्रान्समध्ये १८५१ च्या सुरुवातीला छायाचित्रकारांची एक संस्था निघाली होती. फेंटन पॅरिसला जाऊन ते पाहून आला आणि आपल्याकडेही असं काही हवं, असं त्याच्या मनानं घेतलं. लोकांनी एकत्र बसावं, आपापल्या कृती एकमेकांना सांगाव्यात, चुका सांगाव्यात. पण जिथे पद्धतच पेटंटनं बांधलेली, तिथे खुलेपणानं बोलणार कसं? म्हणून आधी टॅल्बटची मनधरणी झाली. रॉयल सोसायटीचे अध्यक्ष लॉर्ड रॉस आणि रॉयल अकॅडमीचे अध्यक्ष सर चार्ल्स ईस्टलेक, म्हणजे एक विज्ञानाचा पुढारी आणि एक कलेचा, अशा दोघांनी मिळून त्याला पत्र लिहिलं. टॅल्बट नमला. धंदेवाईक व्यक्तिचित्रं सोडून बाकी हक्क त्यानं सोडून दिले. हा पत्रव्यवहार ऑगस्ट १८५२ मध्ये 'टाइम्स'मध्ये छापून आला. राहिलेली गाठ १८५४ च्या डिसेंबरात कोर्टात सुटली. लारोश नावाच्या छायाचित्रकारावर टॅल्बटनं दावा लावला होता. ज्यूरीनं शोधाचा मान टॅल्बटला दिला, पण कलोडियन वापरणाऱ्या लारोशनं त्याचा हक्कभंग केलेला नाही, असंही ठरवलं.

आता मुख्य मुद्दा. पेटंटची पकड सैल झाल्यावर पहिली मोठी गोष्ट कोणती झाली? संस्था नव्हे, प्रदर्शन. २२ डिसेंबर १८५२ ला लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सच्या दालनात फक्त छायाचित्रांना वाहिलेलं प्रदर्शन उघडलं, ब्रिटनमधलं तसं पहिलंच. शेकडो चित्रं होती. फेंटन, जोसेफ कंडल आणि फिलिप डेलामोट यांनी ते जमवलं होतं. उद्घाटनाला फेंटननं या कलेची सद्यःस्थिती आणि भवितव्य यावर निबंध वाचला. ते चालू असतानाच, जानेवारीत त्याच इमारतीत सभा भरली आणि फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. ईस्टलेक अध्यक्ष, फेंटन चिटणीस. आणि सोसायटी ऑफ आर्ट्सनं त्यातली निवडक चित्रं बांधून लंडनबाहेरच्या शहरांत, तिथल्या कामगारांच्या आणि कारागिरांच्या शिक्षणसंस्थांत फिरवली. ज्यांनी छायाचित्र या नावाची वस्तू क्वचितच पाहिली असेल, अशा लोकांसमोर ती गेली.

हे असंच का घडलं असावं? इथे मी थोडा माझ्या विषयात शिरतो, दोन मिनिटं सहन करा. इमॅन्युएल कांट म्हणतो, की "मला हे आवडतं" आणि "हे सुंदर आहे" या दोन वेगळ्या विधानांची गल्लत करू नये. मला पुरणपोळी आवडते, तुम्हाला नसेल आवडत, विषय संपला. पण "हे सुंदर आहे" म्हणताना मी न कळत तुमच्या संमतीची अपेक्षा धरतो. तुम्ही बघा, तुम्हालाही पटेल, असं मी म्हणत असतो. म्हणजे सुंदर म्हणण्यात दुसऱ्याला बोलावणं अध्याहृत आहे. आता छायाचित्राकडे वळा. निगेटिव्हमुळे एका चित्राच्या अनेक प्रती निघतात. एक इथे राहील, दुसरी पेटीत बसून परगावी जाईल. हे दोन्ही एकत्र आले की फिरतं प्रदर्शन ही सोय राहत नाही, ती त्या कलेची प्रकृतीच ठरते.

संस्थेचं दार कितपत उघडं होतं? बऱ्यापैकी. सुरुवातीपासून स्त्रियांना सभासद होता येत असे. त्या काळाच्या मानानं ही लहान गोष्ट नाही. पुढे १८६४ मध्ये सभासद झालेली ज्युलिया मार्गारेट कॅमेरन तर मूळची कलकत्त्यात जन्मलेली. राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट आश्रयदाते झाले. 'रॉयल' ही पदवी मात्र १८९४ मध्ये मिळाली.

आता आपल्याकडे येऊ, कारण हे लोण फार लवकर इकडे आलं. लंडनच्या संस्थेला दोन वर्षं व्हायच्या आत, ऑक्टोबर १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. कॅप्टन हॅरी बार तिचे पहिले अध्यक्ष. सुरुवातीच्या मूठभर सभासदांचे वर्षभरात कितीतरी पटींनी झाले. बहुतेक युरोपियन, पण सगळे नव्हेत. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते. मूळचे पेडण्याजवळच्या मांद्र्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रकार. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक तयार झाले. लंडनमध्ये पेटंटचा वाद कोर्टात चालू असताना मुंबईत आपली माणसं संस्थेत बसून रसायनांची चर्चा करत होती, हे मला फार बोलकं वाटतं.

पण लगेच छाती फुगवू नका. १८५६ मध्ये कलकत्त्यातही अशी संस्था निघाली. तिथे राजेंद्रलाल मित्र हे मोठे विद्वान पदाधिकारी होते. १८५७ च्या एप्रिलमध्ये त्यांनी टाउन हॉलच्या सभेत भाषण केलं. युरोपियनांनाही सामान्य फौजदारी न्यायालयांसमोर उभं राहावं लागावं की नाही, हा वाद तेव्हा पेटला होता. राजेंद्रलालांनी निळीच्या मळेवाल्यांवर कडक शब्दांत टीका केली. छायाचित्रांचा या भाषणाशी काडीचा संबंध नव्हता. तरी संस्थेतले युरोपियन सभासद खवळले आणि राजेंद्रलालांना संस्थेतून काढून टाकण्यात आलं.

मुंबई आणि कलकत्ता. कॅमेरे तेच, रसायनं तीच, नियमावलीही सर्वसाधारणपणे लंडनच्याच वळणाची. एकीकडे दार उघडं, दुसरीकडे आत आलेल्या माणसाला बाहेर घालवलं. म्हणून मी म्हणतो, नुसती संस्था काढली की विद्या मोकळी होते असं नाही. पेटंट जे काम करतं तेच काम संस्थासुद्धा करू शकते, आणि तिला त्यासाठी कोर्टातही जावं लागत नाही. एक ठराव पुरतो. वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत अध्यक्षांची यादी असते. काढून टाकलेल्यांची यादी असावी असं कोणाला सुचत नाही.

आता जतन. लंडनच्या संस्थेला पहिल्या दोन-तीन वर्षांतच एक भीती वाटू लागली. चित्रं फिकी पडत होती. पाहता पाहता पिवळी व्हायची, कडा उडायच्या. १८५५ मध्ये संस्थेनं याच्या तपासासाठी समिती नेमली, प्रिन्स अल्बर्टनं ५० पौंड दिले. निष्कर्ष साधा निघाला: मुख्य दोष अपुऱ्या धुण्याचा. चित्र पक्कं करायला जो हायपो वापरतात तो कागदातून नीट धुतला गेला नाही, तर त्यातलं गंधक हळूहळू चांदीला खात राहतं. दमटपणा त्यात भर घालतो. थोडक्यात, आज दिसायला ठीक असलेल्या चित्रात त्याचा ऱ्हास आधीच बसलेला असतो.

संस्थेनं पुढे मोठा संग्रह केला. विसाव्या शतकात जॉन डडली जॉन्स्टन यांनी तीसेक वर्षं तो वाढवला. १९८० मध्ये संस्था बाथला गेली, तिथे दालन झालं, पण सांभाळणं झेपेना. २००३ च्या सुमारास, म्हणजे दीडशेव्या वर्षाच्याच आसपास, हा सगळा ठेवा उत्तरेकडच्या ब्रॅडफर्डच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला. ब्रॅडफर्ड हे गिरण्यांचं, कामगारांचं शहर. १८५२ च्या फिरत्या प्रदर्शनाचा प्रेक्षक ज्या वर्गातला, त्याच वर्गाच्या वस्तीत संग्रह गेला असं म्हणायला हरकत नाही. पण २०१६ मध्ये जाहीर झालं, की तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला दिला जाणार. संस्थेच्या संग्रहासकट चार लाखांवर वस्तू. बरीच ओरड झाली, निषेधाची पत्रं निघाली. तरी संग्रह गेला. २०१८ मध्ये लंडनला त्यासाठी नवं केंद्र उघडलं.

लंडनकरांची बाजूही ऐका. तिथे तज्ज्ञ आहेत, पैसा आहे, हवामान सांभाळलेल्या कोठ्या आहेत. १८५८ मध्ये याच संस्थेचं प्रदर्शन त्याच म्युझियममध्ये भरलं होतं, तेव्हा त्याला साउथ केन्सिंग्टन म्युझियम म्हणत. म्हणजे जुनं नातं आहे. वस्तू टिकायची तर ती चांगल्या कोठीत हवी, हे खरंच. पण कोठीतली वस्तू कोणासाठी टिकवायची, हा प्रश्न राहतो. आपल्याकडे मालक आणि विश्वस्त असा फरक करतात. मालक म्हणतो माझं आहे, मी ठेवीन तिथे राहील. विश्वस्ताला मात्र हिशेब द्यावा लागतो, आणि तोसुद्धा जे दारात येऊ शकत नाहीत त्यांना आधी. फिरतं प्रदर्शन हा विश्वस्तानं दिलेला हिशेब आहे. २०२८ मध्ये ही संस्था काय करेल ते करो, तिच्या प्रदर्शनाच्या पेट्या कुठल्या गावापर्यंत जातात हे मी बघणार आहे.

आता तो प्रिंट. १९७० च्या आसपासची गोष्ट. सुट्टीत मी वडिलांचा एक फोटो काढला होता. ओसरीवर बसलेत, हातात अडकित्ता, कॅमेऱ्याकडे लक्षच नाही. वसतिगृहात मी तो स्वतः छापला. पाण्याची टंचाई होती, नळ अर्धा तास यायचा, आणि मला तो संध्याकाळच्या गाडीनं घरी न्यायचा होता. मित्र म्हणाला, "अरे, अजून धू." मी म्हटलं, "झालं, दिसतोय की." आणि काढला. निगेटिव्ह पुढे कुठेतरी हरवली. वडील गेले. आज त्या प्रिंटमध्ये अडकित्ता दिसतो, धोतर दिसतं, चेहरा जवळजवळ पुसला गेलाय.

मी तो कोणाला दाखवलाच नाही कधी. ट्रंकेत जपून ठेवला. जपला म्हणूनच त्याची प्रतसुद्धा कोणाकडे गेली नाही. भावाकडे एक, बहिणीकडे एक अशी गेली असती, तर एखादी तरी नीट धुतलेली निघाली असती.

असो. तुमच्या घरी असे जुने फोटो असतील तर या रविवारी काढा, त्यांच्या प्रती करा आणि चार घरी वाटून टाका. पाच-दहा मिनिटं उरली आहेत, प्रश्न असतील तर विचारा.