युद्धनौकांच्या तोफा आणि त्यांचा नेम

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युद्धनौकांच्या मोठ्या तोफा कित्येक किलोमीटर गोळा फेकू शकत होत्या, पण दीड-दोन किलोमीटरपलीकडे त्यांच्या नेमाचा भरवसा नव्हता. 3 जुलै 1898 रोजी क्यूबातील सांतियागोजवळ अमेरिकी आरमाराने स्पॅनिश पथकाचा धुव्वा उडवला. मात्र त्यासाठी डागलेल्या सुमारे साडेनऊ हजार गोळ्यांपैकी जेमतेम सव्वाशे लागले होते.

दोष नळीत नव्हता, हलत्या जहाजात होता. तोफ एका कोनात पक्की करायची आणि जहाज डोलता डोलता निशाण समोर आले की बार काढायचा, अशी तेव्हाची रीत होती. ब्रिटिश कॅप्टन पर्सी स्कॉट यांना ‘सिला’ क्रूझरवर एक तोफची दिसला. तो जहाजाच्या डोलण्याबरोबर तोफेचे चाक सतत फिरवून निशाण दुर्बिणीतून सुटूच देत नव्हता. स्कॉट यांनी चाकाचे दाते बदलले, दुर्बिणी सुधारल्या आणि हीच सवय सगळ्यांना लावली. 1899च्या सरावात ‘सिला’च्या 4.7 इंची तोफांचे सुमारे 80 टक्के गोळे लागले.

हा इलाज जवळच्या लढाईचा होता. टॉर्पेडोच्या धाकाने जहाजे एकमेकांपासून दूर राहू लागली आणि वेगळाच प्रश्न उभा राहिला. गोळा हवेत अर्धा मिनिट असेल, तर 25 नॉट वेगाचे जहाज तेवढ्यात जवळजवळ चारशे मीटर पुढे जाते. म्हणजे जहाज आता कुठे आहे यापेक्षा गोळा पडेल तेव्हा ते कुठे असेल हे महत्त्वाचे. रेंजफाइंडरने अंतर मोजायचे, दोन्ही जहाजांचा वेग आणि दिशा धरून ते कसे बदलेल याचा हिशेब यंत्रावर करायचा आणि पाण्यात उसळणारे फवारे पाहून पुढच्या फैरीची दुरुस्ती करायची, अशी पद्धत घडत गेली. ब्रिटनमध्ये अशा गणकयंत्रांवरून आर्थर पोलन आणि फ्रेडरिक ड्रेयर यांच्यात जुंपली. आरमाराने मुख्यतः ड्रेयर यांचे यंत्र घेतले. तो निर्णय योग्य होता का, यावर इतिहासकारांचे अजून एकमत नाही.

सगळ्या तोफा एकाच उंच जागेवरून रोखायच्या आणि एकदम डागायच्या, ही ‘डायरेक्टर’ पद्धतही स्कॉट यांनीच लावून धरली. नोव्हेंबर 1912च्या चाचणीत डायरेक्टर बसवलेल्या ‘थंडरर’ने तो नसलेल्या ‘ओरायन’ला सहज मागे टाकले.

तरीही 31 मे 1916च्या जटलंडच्या लढाईत आकडे केविलवाणेच राहिले. जर्मनांच्या मोठ्या गोळ्यांपैकी तीन-साडेतीन टक्के लागले, ब्रिटिशांचे त्याहून कमी. धुके, धूर आणि वारंवार बदलणारी दिशा यांपुढे हिशेब टिकत नव्हता. शिवाय हिशेब अचूक असला तरी एकाच फैरीतले गोळे एका जागी पडत नाहीत. नळीची झीज, दारूचे तापमान, वारा यांमुळे ते शेकडो मीटर विखुरतात. म्हणून काही गोळे शत्रूच्या अलीकडे आणि काही पलीकडे पडले की नेम साधला असे धरत. त्यातला एखादा जहाजावर पडणे हा मग संभवाचा भाग. 9 जुलै 1940 रोजी ब्रिटिश ‘वॉरस्पाइट’ने इटलीच्या ‘जूलिओ चेझारे’वर सुमारे 24 किलोमीटरवरून गोळा लावला. त्या अंतरावरचा तो विक्रम कौशल्याचा होता, तसा नशिबाचाही.

खरा फरक रडारने पाडला. अंतर मोजण्यासाठी डोळ्यांवर विसंबण्याची गरज उरली नाही. डिसेंबर 1943मध्ये ब्रिटिश ‘ड्यूक ऑफ यॉर्क’ने आर्क्टिकच्या अंधारात जर्मन ‘शार्नहोर्स्ट’ला रडारच्या आधारे गाठले. 25 ऑक्टोबर 1944च्या पहाटेपूर्वी फिलिपिन्समधील सुरिगाव सामुद्रधुनीत बॅटलशिप वर्गातल्या युद्धनौकांची आपसातली शेवटची लढाई झाली. नव्या रडारच्या अमेरिकी ‘वेस्ट व्हर्जिनिया’ने सुमारे 21 किलोमीटरवरून जपानी ‘यामाशिरो’वर मारा सुरू केला. त्याच रांगेतल्या ‘पेनसिल्व्हेनिया’वर जुने रडार होते. तिला निशाणच सापडले नाही आणि तिच्या मोठ्या तोफांतून एकही गोळा सुटला नाही.