इंजिन थंड, मगच झाकण उघडा!
वाहनातील तेल, पाणी तपासताना घ्यावयाची काळजी

बारामती : उन्हाळ्यातील दुपार. पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण ते इंदापूरदरम्यान रस्त्याकडेला एखादी मोटार बॉनेट उघडून उभी असते. आतून वाफ येत असते आणि चालक हातात फडके गुंडाळून रेडिएटरचे झाकण फिरविण्याच्या बेतात असतो. हे दृश्य या मार्गावर नवे नाही. पण चेहरा आणि हात गंभीरपणे भाजण्यास एवढी एक चूक पुरेशी असते.

बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत वाहनांची वर्दळ मोठी आहे. बारामती औद्योगिक वसाहतीत पियाजिओच्या तीनचाकी तयार होतात. गळीत हंगामात साखर कारखान्यांकडे उसाचे ट्रॅक्टर आणि ट्रक रात्रंदिवस धावतात. पुण्याला नित्य ये-जा करणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. अशा वापरात इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि बॅटरीतील पाणी यांची नियमित तपासणी अत्यावश्यक ठरते. हे काम पंधरा मिनिटांचे आहे. मात्र, ते योग्य क्रमाने आणि योग्य वेळीच करावयास हवे.

पूर्वतयारी

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा आणि किल्ली काढून घ्यावी. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वीची वेळ सर्वांत सुरक्षित. गळ्यातील उपरणे, ओढणी किंवा सैल बाह्या आवरून घ्याव्यात. घड्याळ, अंगठी, कडे काढून ठेवावे. अनेक मोटारींतील रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि इंजिन बंद केल्यानंतरही तो अचानक सुरू होऊ शकतो. त्यामुळे त्याच्याजवळ बोटे नेऊ नयेत. जवळपास विडी-सिगारेट किंवा उघडी ज्योत नसावी. गाडीसोबत मिळालेली माहितीपुस्तिका हाताशी ठेवावी. कोणत्या प्रकारचे तेल वापरावे, याबाबत तीच प्रमाण मानावी.

इंजिन ऑइल

गाडी नुकतीच चालवून आणली असल्यास इंजिन बंद करून पाच ते दहा मिनिटे थांबावे, म्हणजे तेल खाली उतरते. डिपस्टिक बाहेर काढून स्वच्छ फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून काढावी आणि मग पातळी पाहावी. ती दोन खुणांच्या मध्ये असावी. खालच्या खुणेजवळ असल्यास माहितीपुस्तिकेत दिलेल्या दर्जाचे तेल थोडे थोडे ओतून प्रत्येक वेळी पुन्हा मोजावे. जास्त तेल भरणेही हानिकारक आहे. फिरणारे भाग त्यात बुडाल्याने फेस होतो आणि वंगण नीट मिळत नाही.

मोटारसायकल मुख्य स्टँडवर सरळ उभी करावी. अनेक मोटारसायकलींत मोजताना डिपस्टिक आटे न फिरविता नुसती टेकवावयाची असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. डिझेल इंजिनातील तेल लवकर काळे पडते. केवळ रंगावरून ते खराब ठरवू नये. मात्र, तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी किंवा कूलंट मिसळल्याची शक्यता असते. अशी गाडी न चालविता मेकॅनिकला बोलवावे. धावत्या गाडीत तेलाचा लाल दिवा लागल्यास लगेच थांबावे. तो दिवा तेलाचा दाब घटल्याचे सांगतो आणि पुढचे थोडे अंतरही इंजिनाला महागात पडू शकते.

कूलंट

रेडिएटर दाबाखाली काम करतो. त्यामुळे आतील पाणी १०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब एकदम उतरतो, त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती उकळत्या द्रवासह बाहेर उसळते. फडके गुंडाळल्याने हा झोत अडत नाही.

गाडी गरम झाल्याचे लक्षात येताच वातानुकूलन बंद करावे, गाडी रस्त्याच्या डावीकडे सुरक्षित घ्यावी, धोक्याचे दिवे लावावेत आणि इंजिन बंद करावे. बॉनेटमधून वाफ येत असेल तर ती थांबेपर्यंत ते उघडू नये. प्रवाशांनी वाहतुकीपासून दूर उभे राहावे. किमान अर्धा तास जाऊ द्यावा. रेडिएटरची वरची नळी हाताला गरम लागेनाशी झाल्यावरच जाड फडके ठेवून झाकण सावकाश सैल करावे. फुसफुस आवाज आल्यास थांबावे. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो.

नेहमीच्या तपासणीसाठी मुख्य झाकण उघडण्याची गरज नसते. शेजारच्या अर्धपारदर्शक टाकीवरील खुणा बाहेरूनच दिसतात.

भरावयाचे पाणीही महत्त्वाचे आहे. या परिसरात विहिरी आणि बोअरचे पाणी अनेक ठिकाणी क्षारयुक्त असते. ते रेडिएटरमध्ये गेल्यास थर साचून नळ्या चोंदतात. त्यामुळे तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळलेले कूलंटच वापरावे. वाटेत नाइलाजाने साधे पाणी घातले, तर पुढे गॅरेजमध्ये ते बदलून घ्यावे. रंग सारखा म्हणजे कूलंट एकच, असेही नाही. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. सांडलेले कूलंट पाण्याने धुऊन काढावे आणि डबा लहान मुले व जनावरांपासून दूर ठेवावा.

ब्रेक ऑइल

बारामतीहून जेजुरी, सासवडमार्गे पुण्याला जाताना दिवे घाट उतरावा लागतो. उतारावर सतत ब्रेक दाबल्याने ब्रेक ऑइल तापते. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते आणि ओलाव्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू घटतो. डॉट ४ प्रकारात नव्या तेलासाठी किमान २३० अंशांची, तर ओलावा शोषलेल्या तेलासाठी किमान १५५ अंशांची अट आहे. तेल उकळले, की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल दाबूनही ब्रेक लागत नाही. म्हणूनच साधारण दोन वर्षांनी, किंवा माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत, ते बदलावे आणि उतारावर खालच्या गिअरचा आधार घ्यावा.

टाकीचे झाकण उघडण्यापूर्वी ते पुसून घ्यावे. सीलबंद डब्यातील, झाकणावर लिहिलेल्या प्रकारचेच तेल घालावे. इंजिन ऑइल चुकूनही घालू नये, त्याने रबरी भाग फुगतात. पातळी हळूहळू उतरणे हे ब्रेक पॅड झिजल्याचे, तर एकदम उतरणे गळतीचे लक्षण असते. गळती असताना केवळ तेल भरून गाडी चालविणे जिवावर बेतू शकते. हे तेल गाडीच्या रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

बॅटरी आणि अन्य

पाणी घालावयाच्या बॅटरीत प्लेट बुडतील इतके डिस्टिल्ड वॉटरच खुणेपर्यंत घालावे. ॲसिड घालू नये. चार्जिंगवेळी हायड्रोजन वायू निघत असल्याने ठिणगी टाळावी, डोळ्यांना चष्मा लावावा. ॲसिड अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेल्यास धुऊन तातडीने डॉक्टरांकडे जावे.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या अनेक डिझेल वाहनांत युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते. हे द्रावण डिझेलच्या टाकीत ओतले गेल्यास गाडी सुरू न करता गॅरेजला कळवावे. विजेवरील वाहनांत नारिंगी केबलला हात लावू नये.

जुने तेल गटारात, कालव्यात किंवा शेतात ओतू नये. ते बंद डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे पोचेल अशा गॅरेजकडे द्यावे.

थोडक्यात

- दर आठवड्याला आणि लांबच्या प्रवासापूर्वी तपासणी करावी.
- गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.
- पातळी वारंवार घटत असल्यास भरत राहण्याऐवजी कारण शोधावे.
- पेडल मऊ लागल्यास गाडी रस्त्यावर आणू नये.