शिदोरी ते थाळी : बायकांच्या बाहेर जेवण्याचा इतिहास



गेल्या पौषात पाटण तालुक्यातल्या आमच्या बचत गटाच्या आम्ही नऊ जणी नवी मुंबईला गेलो होतो. नाचणीचं पीठ, लसणाची चटणी आणि हातसडीचा तांदूळ विकायचा होता. चार दिवसांत माल संपला. पण आज सांगायचं आहे ते विक्रीचं नाही, जेवणाचं. त्या चार दिवसांत आम्ही तीन वेळा बाहेर जेवलो. आमच्यातल्या पाच जणी आयुष्यात पहिल्यांदाच पैसे देऊन ताटावर बसल्या. त्यातल्या एका मावशींचं वय बासष्ट. त्या म्हणाल्या, "पोरींनो, आयतं ताट माझ्यापुढं ह्याआधी फक्त लग्नात आलं होतं."

आम्ही हसलो, पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. आमच्या गटाला तालुक्याच्या एसटी स्टँडजवळ खानावळ काढायची आहे. कर्ज घ्यायचं की नाही, यावर तीन बैठका झाल्या होत्या आणि निम्म्या जणींचा नकार होता. म्हणून परत आल्यावर आम्ही ठरवलं, की बाहेरच्या जेवणाचा हा धंदा आला कुठून, त्यात बायका कुठे होत्या, हे आधी नीट समजून घ्यायचं.

पूर्वी प्रवासाला निघालेला माणूस शिदोरी बांधून निघायचा. भाकरी, चटणी, कांदा. लांबचा पल्ला असेल तर दशम्या. दशमीचं पीठ दुधात मळतात. ती टिकते, आणि पाण्यात शिजवलेल्या अन्नाइतका विटाळ तिला नाही, अशी समजूत होती. म्हणजे प्रवासातलं खाणं नुसतं भुकेनं ठरत नव्हतं, जातीनंही ठरत होतं. धर्मशाळेत उतरलेले लोक तीन दगडांची चूल मांडून आपलं आपण रांधायचे. रेल्वे आली तरी स्टेशनवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळं मिळायचं. ज्यांना अस्पृश्य ठरवलं होतं, त्यांना तर पाण्यासाठीच लढावं लागलं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी घेतलं. ते महाड नवी मुंबईहून गोव्याच्या रस्त्यालाच आहे.

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५६ साली सुरू झाली. त्यानंतर परळ, लालबाग, भायखळा या भागांत गिरण्या वाढत गेल्या आणि कोकणातून, घाटावरून माणसं कामाला आली. आमच्या साताऱ्याकडचे पुरुषही त्यात होते. बायको-पोरं गावाला शेत सांभाळायची आणि एका खोलीत दहा-पंधरा पुरुष पाळीपाळीनं झोपायचे. त्यांना रांधून कोण घालणार? तिथून खानावळ उभी राहिली. चाळीतल्या एका खोलीत राहणारी बाई स्वतःच्या घरच्या चुलीवर आणखी दहा, वीस जणांचा स्वयंपाक करायची. पैसे महिन्याला, गिरणीचा पगार झाल्यावर. तोवर सगळं उधारीवर.

त्याच काळात शहरात दुसरीही खाण्याची ठिकाणं आली. इराणहून आलेल्या लोकांनी चहा आणि ब्रुन-मस्क्याची हॉटेलं काढली. तिथे कोणत्याही जातीधर्माचा माणूस बाकावर बसून चहा पिऊ शकायचा, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. दक्षिणेकडच्या उडुपीहून आलेल्यांनी इडली-डोशाची हॉटेलं आणि भोजनगृहं काढली. माटुंग्याचं रामा नायक यांचं भोजनगृह १९४२ चं. आणि १९६०च्या दशकात दादर स्टेशनबाहेर वडापाव आला, जो हातात घेऊन चालता चालता खाता येतो.

या सगळ्यात बाई कुठे होती? बहुतेक ठिकाणी ती गिऱ्हाईक म्हणून नव्हतीच. आली तर नवऱ्याबरोबर, आणि तिच्यासाठी 'फॅमिली रूम' असायची. पडदा लावलेली एक बंद खोली किंवा लाकडी आडोसा. एकटी बाई हॉटेलात बसली, तर लोक वळून बघायचे. अजूनही काही तालुक्यांच्या गावी बघतात. म्हणजे बाहेर जेवणाऱ्या पुरुषांसाठी हजारो बायका राबल्या, पण बाहेर बसून जेवण्याची मुभा बाईला फार उशिरा मिळाली.

आपल्या संविधानाचं कलम १५ सांगतं, की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कुणालाही दुकानात, सार्वजनिक उपाहारगृहात किंवा हॉटेलात जायला मनाई करता येणार नाही. उपाहारगृहाचं नाव थेट संविधानात आहे, हे आमच्या बैठकीत वाचलं तेव्हा सगळ्या जणी गप्प झाल्या. ताटावर बसणं हा हक्क म्हणून कुणाला तरी लिहावा लागला, याचाच अर्थ तो आधी नाकारलेला होता.

आता खानावळवाल्या बाईकडे परत येऊ. ती वीस जणांना जेवू घालायची, पण सरकारदरबारी ती कुणीच नव्हती. तिच्या कामाला 'घरकाम' म्हणायचे. वाण्याकडून धान्य उधार, सावकाराकडून पैसे भारी व्याजानं; गिऱ्हाईक मात्र पगारावर टेकलेलं. गिरणीत संप झाला की हिचा हिशेब बुडाला. तरी १९७०च्या दशकातल्या संपात या बायकांनी कामगारांना उधारीवर जेवू घातलं. हे पाहिलं प्रेमा पुरव यांनी. त्या मूळच्या गोव्याच्या. गोवा मुक्तिलढ्यात लहान वयात उतरल्या, त्यात गोळी लागून जखमी झाल्या, आणि पुढे मुंबईत कामगार चळवळीत आल्या. संप चालतो तो कुणाच्या चुलीवर, हा प्रश्न त्यांनी विचारला.

१९६९ साली १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. १९७२ पासून गरिबांना चार टक्के व्याजानं कर्ज देण्याची योजना होती. कागदावर सगळं होतं, पण खानावळवालीला बँकेची पायरी माहीत नव्हती, आणि बँकेला ती दिसत नव्हती. १९७५ साली प्रेमाताईंनी १४ खानावळवाल्यांना घेऊन 'अन्नपूर्णा महिला मंडळ' सुरू केलं. तारण ठेवायला कुणाकडे काही नव्हतं. मग बायकांनी गट केले आणि एकमेकींची हमी घेतली. मैत्रिणींनो, ओळखीचं वाटतं ना? आज आपण बचत गटात जे करतो, ते या बायका पन्नास वर्षांपूर्वी गिरणगावात करत होत्या. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. जवळजवळ अडीच लाख कामगार त्यात होते. बऱ्याच गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. माणसं गावी परतली आणि वहीतली उधारी वहीतच राहिली. ज्या बायकांकडे दुसरा आधार होता, त्या तगल्या. डबे, पोळ्या, लाडू, कार्यालयांची ऑर्डर, असं काम त्यांनी हाती घेतलं. अन्नपूर्णेचं काम वाशीलाही पोहोचलं.

वाशी आणि एकूणच नवी मुंबईची गोष्टही थोडी सांगायला हवी. तिथे पूर्वी भातशेती, मिठागरं आणि खाडीची मासेमारी होती. आगरी आणि कोळी लोकांची गावं होती. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान भागात मोठं आंदोलन झालं. गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली. आज त्याच गावांच्या गल्लीत घरगुती खानावळी दिसतात : तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी, बोंबील, कोलंबीचं कालवण. शेत गेलं, पण हातची चव राहिली.

दुसरी गोष्ट घाऊक बाजाराची. मुंबईतला कांदा-बटाटा, धान्य, मसाले, भाजी, फळं यांचा व्यापार १९८०च्या दशकापासून टप्प्याटप्प्यानं तुर्भ्याला आला. त्याबरोबर माथाडी आले. माथाड्यांची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील आमच्याच पाटण तालुक्यातले. माथाडी कायदा १९६९ चा. आमच्या गावातल्या कितीतरी घरांचा पैसा त्या पाठीवरच्या पोत्यातून आला. हे लोक कोपरखैरणे, घणसोलीकडे राहतात. आणि जिथे माथाडी, तिथे खानावळ.

तिसऱ्या दिवशी आम्ही अशाच एका खानावळीत जेवलो. चालवणाऱ्या ताई आमच्याच खोऱ्यातल्या. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, खर्डा, भात, आमटी. आम्ही दोन घास जास्तच खाल्ले. निघताना विचारलं, "ताई, तुम्ही कधी जेवता?" त्या म्हणाल्या, "चार वाजता. ओट्याशी उभ्यानं." मग आणखी बोलणं निघालं. बावीस वर्षं खानावळ चालवतात, पण बँकेचं खातं आणि जागेचा करार दोन्ही घरच्या पुरुषाच्या नावावर. उधारीची वही जाड आहे. त्यांनी ती उघडून दाखवली. काही पानांवर नुसतं 'गावी गेला' असं लिहिलं होतं.

परतीच्या एसटीत आम्ही फार बोललो नाही. बस हॉटेलवर थांबली तेव्हा मात्र एक गोष्ट लक्षात आली. जाताना आमच्यातल्या सहा जणी खालीच उतरल्या नव्हत्या. स्वच्छतागृह कसं असेल या भीतीनं सकाळपासून पाणीच प्यायल्या नव्हत्या. येताना सगळ्या उतरल्या. चहा मागवला, बसून प्यायलो, पैसे दिले. बासष्ट वर्षांच्या मावशींनी तर भजीसुद्धा मागवली.

चौथी बैठक परवा झाली. नकार देणाऱ्या एका वहिनींनी स्पष्ट विचारलं, "घरी रांधतोच, आता गावासाठीही रांधायचं? मग आपल्यात आणि त्या ताईंच्यात फरक काय?" प्रश्न रास्त होता. उत्तर आम्हाला इतिहासातच सापडलं. त्या ताई एकट्या होत्या; अन्नपूर्णेच्या बायका गटानं उभ्या राहिल्या. म्हणून आम्ही तीन गोष्टी वहीत लिहिल्या. खानावळीचं खातं, करार आणि अन्न सुरक्षेची नोंदणी गटाच्या नावावर असेल. उधारी एका महिन्याच्या वर जाणार नाही आणि एका गिऱ्हाइकावर धंदा टेकणार नाही. आणि दुपारी दीड वाजता स्वयंपाक करणाऱ्या बायका आळीपाळीनं खुर्चीवर बसून, ताट घेऊन जेवतील. तेवढा वेळ वाढायला दुसरी असेल.

तिसऱ्या ठरावावर काही जणी हसल्या. पण सही सगळ्यांनी केली, त्या वहिनींनीही. कर्जाचा अर्ज या महिन्यात जाणार आहे.

तुमच्या गावातही कुणी आत्या, मावशी मुंबईत खानावळ चालवून आल्या असतील. त्यांच्याकडे बसा. महिन्याचा दर किती होता, किती जण जेवायचे, उधारी कशी वसूल केली, हे विचारून गटाच्या वहीत लिहून ठेवा. हा इतिहास आपणच लिहिला नाही, तर तो त्यांच्याबरोबर जाईल. आणि पुढच्या वेळी गटाच्या कामानं तालुक्याला गेलात, तर परत येऊन भाकरी थापायची घाई करू नका. एखाद्या दिवशी सगळ्या मिळून बाहेर बसून जेवा. पाणीही पोटभर प्या.