प्रकल्प-व्यवस्थापन सॉफ्टवेअर : तुलना (वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात)

एका कामात गुंतलेल्या अनेकांपैकी कोणी काय करायचे, कधीपर्यंत करायचे आणि कशाच्या आधी वा नंतर करायचे, याची नोंद एकाच ठिकाणी ठेवणारी संगणक प्रणाली. कामवाटपाची वही आणि भिंतीवरचा तक्ता पूर्वी हेच करीत. आता नोंद बदलली की ती सगळ्यांना लगेच दिसते, एवढाच मूळ फरक. अशा सॉफ्टवेअरांची तुलना सहसा सुविधांची यादी समोर ठेवून केली जाते. तिच्यातून हाती फारसे लागत नाही. काम कोठे चालते आणि नोंद कोणाच्या हातून होते, हे दोन प्रश्न आधी विचारले पाहिजेत. रेल्वेमार्ग, पाणलोटाची कामे आणि रोजगार हमी अशी तीन अगदी वेगळ्या जातीची कामे वर्धा जिल्ह्यात शेजारी शेजारी दिसतात. त्यामुळे सॉफ्टवेअरांतला फरक तिथे सहज उलगडतो.

सर्वांत जुना प्रकार वेळापत्रकाचा. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने रूढ झालेला आडव्या पट्ट्यांचा तक्ता हा त्याचा पाया. १९५७ मध्ये ड्यूपाँ कंपनीत निर्णायक मार्गाची पद्धत आकाराला आली. १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी ‘पर्ट’ ही तशीच पद्धत वापरली. या दोन्ही पद्धती संगणकावर घरोघरी पोचल्या त्या प्रायमावेरा (१९८३) आणि मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट (१९८४) यांच्यामार्फत. एक काम लांबले तर पुढची कोणती कामे सरकतात आणि शेवटची तारीख किती ढळते, हे त्यांच्याइतके नेमके दुसरे कोणी सांगत नाही. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा २८४ किमीचा नियोजित रेल्वेमार्ग अशा हिशेबाचे ठळक उदाहरण आहे. भूसंपादन झाल्याशिवाय भराव नाही, पूल झाल्याशिवाय रूळ नाहीत, आणि रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी झाल्याशिवाय गाडी नाही. या मार्गाचा वर्धा–कळंब हा पहिला टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वाहतुकीला खुला झाला. अशा कामात कामे नुसती स्तंभांत मांडणारा साधा फलक वापरणे धोक्याचे आहे. फलकावर साखळीच नजरेआड होते.

तक्रार-नोंदीचा प्रकार संगणक उद्योगातून आला : बगझिला (१९९८), अ‍ॅटलासियनची जिरा (२००२), मुक्त स्रोतातील रेडमाइन (२००६). इथे प्रत्येक कामाला क्रमांक, मालक आणि इतिहास असतो. कोणी कधी काय बदलले हे पुसता येत नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या चमूला ही शिस्त लागतेच, इतरांना ती बहुधा जड जाते.

फलकाच्या प्रकाराचे मूळ टोयोटा कारखान्यात ताइची ओहनो यांनी रुजवलेल्या कानबान पद्धतीत आहे. ट्रेलो (२०११, २०१७ पासून अ‍ॅटलासियनकडे) हे त्याचे सर्वांत परिचित रूप. स्तंभ आखायचे, कामाची पत्ती (कार्ड) डावीकडून उजवीकडे सरकवायची, बस्स. असाना, मंडे आणि क्लिकअप यांनी फलक, यादी आणि वेळापत्रक एकाच छताखाली आणले. बेसकॅम्पने (२००४) उलट वाट धरली आणि चर्चा, फायली व कामांची यादी एवढ्यावरच थांबायचे ठरवले. चेन्नईच्या झोहो कंपनीचे झोहो प्रोजेक्ट्स भारतीय छोट्या उद्योगांत चांगलेच रुळले आहे.

फलक गावाच्या कामाला कितपत पुरतो, हे पाणलोटाच्या कामावर ताडून पाहता येते. पाणी फाउंडेशनच्या २०१७ च्या सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेत वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्याच्या काकडदरा गावाने राज्यात पहिला क्रमांक मिळवला. स्पर्धा ८ एप्रिल ते २२ मे अशी ४५ दिवसांची होती. श्रमदान आणि यंत्रकाम दोन्ही, आणि शेवटी मोजमापावर गुण. अशा कामाचा फलक मांडायचा तर स्तंभ चार पुरतात : आखणी बाकी, खोदाई चालू, मोजमाप बाकी, पूर्ण. सलग समतल चराची एक पत्ती घ्या. ए-फ्रेमने समपातळी रेषा काढली, फक्की टाकली, की ती ‘खोदाई चालू’मध्ये जाते. पत्तीवर गटाचे नाव, मीटरमधली लांबी आणि खोदण्याआधीचा फोटो. खोदाई आटोपली की ती ‘मोजमाप बाकी’त थांबते आणि टेप घेऊन कोणी तरी जाईपर्यंत तिथेच राहते. या तिसऱ्या स्तंभात पत्त्या साचू लागल्या की समजायचे, हात पुष्कळ आहेत, मोजणारा एकच आहे. ही गोष्ट गँट तक्त्यात चटकन दिसत नाही. फलकावर लांबूनही दिसते.

मात्र फलकाला एक गोष्ट कळत नाही. पाणलोटाचे काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचे असते. वरचे चर न खोदता खालचा माती नालाबांध आधी घातला तर पहिल्याच दमदार पावसात तो गाळाने भरतो, कधी वाहूनही जातो. फलकावर दोन्ही पत्त्या सारख्याच मोकळ्या दिसतात. तेव्हा माथा, उतार आणि पायथा असे तीन आडवे पट्टे पाडून वरचा पट्टा रिकामा झाल्याखेरीज खालच्याला हात लावायचा नाही, असा नियम गटाने स्वतः घालून घ्यावा लागतो. विदर्भात मृग लागला की काम थांबणार, ही तारीख कोणत्याही सॉफ्टवेअरला पुढे ढकलता येत नाही.

रोजगार हमीची प्रणाली या सगळ्यांहून वेगळी आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने बनवलेल्या ‘नरेगासॉफ्ट’मध्ये कामाचा क्रमांक, जॉब कार्ड, मस्टर, मोजमाप आणि मजुरी यांची साखळी आहे. मे २०२१ मध्ये हजेरीचे मोबाइल अ‍ॅप आले. १ जानेवारी २०२३ पासून ते जवळपास सर्व सार्वजनिक कामांना सक्तीचे झाले. स्थळाच्या नोंदीसह दिवसातून दोन फोटो काढायचे, ही त्याची पद्धत. ही प्रणाली वरच्याला हिशेब देण्यासाठी आहे, एकमेकांशी बोलण्यासाठी नाही. जिथे नेटवर्क मिळत नाही तिथे फोटो चढला नाही की दिवसभर राबलेल्या माणसाची हजेरी अडते. नोंद नीट झाली नाही तर भुर्दंड मजुराला पडावा, ही रचनाच अन्यायाची आहे. कोणत्याही सॉफ्टवेअरची पारख करताना चूक झाल्यावर ती कोणाच्या अंगावर येते, हे म्हणूनच सर्वांत आधी पाहिले पाहिजे.

प्रत्यक्षात गावोगावच्या गटांत, बचतगटांत आणि संस्थांत सर्वाधिक चालते ते व्हॉट्सअ‍ॅप. त्याला प्रकल्प-व्यवस्थापन सॉफ्टवेअर म्हणता येणार नाही, पण वगळताही येणार नाही. ते शिकवावे लागत नाही, मराठीत बोललेला निरोप जसाच्या तसा पोचतो आणि ज्याला लिहिता येत नाही तोही कामात सामील होतो. उणीव एकच, पण मोठी : तिथे कामाला अवस्था नसते. ‘जेसीबी उद्या येणार’ हा निरोप सकाळच्या शुभेच्छांखाली गाडला जातो, आणि जेसीबी आला की नाही हे चार दिवसांनी कोणालाच सांगता येत नाही. बोलणे व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ठरलेले काम गूगल शीटच्या एका पानावर, अशी विभागणी लहान गटांना उत्तम मानवते. रकाने पाच पुरेत : काम, जबाबदार व्यक्ती, तारीख, स्थिती, फोटोचा दुवा. ते पान अद्ययावत ठेवायला मात्र एका व्यक्तीचे नाव ठरलेले हवे. सगळ्यांची जबाबदारी म्हटले की पान आठवड्यातच शिळे होते.

खर्चाचा हिशेब वापरकर्त्यागणिक असल्याने फसवा असतो. जिरा १० जणांपर्यंत फुकट आहे. अकराव्या माणसापासून मात्र सगळ्यांचेच पैसे सुरू होतात. हंगामी स्वयंसेवकांवर चालणाऱ्या संस्थेला हे परवडत नाही. तिच्यासाठी रेडमाइन वा ओपनप्रोजेक्ट ही मुक्त सॉफ्टवेअरे आहेत. परवाना फुकट, पण सर्व्हर सांभाळणारा जाणकार माणूस लागतो, आणि तालुक्याच्या गावी तोच मिळणे अवघड.

मालकीचा प्रश्नही खरेदीच्या वेळीच विचारावा. अ‍ॅटलासियनने आपल्या सर्व्हर आवृत्त्यांचा आधार १५ फेब्रुवारी २०२४ रोजी संपवला. मायक्रोसॉफ्टने प्रोजेक्ट ऑनलाइन ही सेवा ३० सप्टेंबर २०२६ रोजी बंद करण्याचे जाहीर केले. दोन्ही ठिकाणी वापरणाऱ्यांना वर्षानुवर्षांच्या नोंदी दुसरीकडे हलवणे भाग पडले. सगळ्या नोंदी एक्सेल वा सीएसव्ही फाइलीत उतरवून घेता येतात का, फोटो त्यात येतात का आणि मराठी अक्षरे शाबूत राहतात का, हे तीन प्रयोग सॉफ्टवेअर स्वीकारण्याआधी दहा-बारा खऱ्या नोंदींवर करून पाहावेत. अक्षर-संकेतनाची (एन्कोडिंगची) निवड चुकली की सीएसव्हीतले देवनागरी नाव एक्सेलमध्ये उघडताना चिन्हांचा गोंधळ होऊन बसते, आणि चारशे मजुरांच्या यादीत ते हाताने दुरुस्त करणे कोणालाही शक्य नसते.